शनिवार-रविवार दोघांचा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या वेषांत आली आहे: दोघांपैकी एक पुढे, दुसरा मागे. रानात, घाटात, आणि टीव्हीसमोरसुद्धा. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र केली आहेत.

मला रानात चालायची भारी हौस. ह्यांना मात्र दोन जिने चढले की धाप लागते. मागच्या महिन्यात एका ग्रुपबरोबर गेलो, ह्यांचे फार हाल झाले. आता ‘ट्रेक’ म्हटलं की तोंड फिरवतात. सुरुवात कुठून करू? (ठाणे)

‘ट्रेक’ हा शब्द चार-सहा महिने बासनात बांधून ठेवा आणि माथेरानला चालायला जा. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी किंवा टॅक्सी. तिथून पुढे मोटारींना बंदी असल्याने धूर नाही, हॉर्न नाही, आणि वाट जवळजवळ सपाट. चढ आधीच गाडीने संपवलेला असतो, ही नवख्या माणसासाठी सगळ्यात मोठी सोय. दस्तुरी ते बाजारपेठ, तिथून शार्लोट तलाव, पुढे लुइझा पॉइंट आणि परत, असं साधारण दहा किलोमीटर चालणं होतं. बहुतेक वाट झाडांच्या सावलीत आहे. दमलात तर परतीला अमन लॉज शटल, म्हणजे दस्तुरीजवळच्या स्टेशनपर्यंत जाणारी छोटी रेल्वेगाडी, आहेच. माती लाल आहे, ती पांढऱ्या कपड्यांवरून जात नाही. माकडं खाऊच्या पिशव्या ओढतात, तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी नको, सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा.

ठाण्याहून दुसरा सोपा पर्याय म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर, रस्ता डांबरी. आत सायकली भाड्याने मिळतात, त्यामुळे एकाने सायकल आणि एकाने पायी असंही जमतं. सोमवारी उद्यान बंद असतं. आडवाटांवर मात्र परवानगी आणि मार्गदर्शकाशिवाय शिरू नका. बिबट्याचं रान आहे ते.

आता धापेबद्दल. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता मध्येच श्वासासाठी थांबावं लागत असेल, तर वेग जास्त आहे. ही कसोटी ह्यांच्यावर लावायची, तुमच्यावर नाही. बहुतेक जोडपी इथेच चुकतात: हौशी माणूस पुढे जातो, वळणावर थांबून वाट बघतो, आणि मागचा पोचला की लगेच चालायला लागतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते आणि ज्याला हवी तो कोरडा राहतो. मंद चालणारा कायम पुढे. आणि तो पोचल्यावर मोजून पाच मिनिटं थांबा. ह्यांचं वय चाळिशीच्या पुढे असेल आणि दोन जिन्यांत खरोखरच धाप लागत असेल, तर आधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्या.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब घालून दिला, तो अजून उपयोगी पडतो. दर किलोमीटरला १२ मिनिटं, आणि दर १०० मीटर चढाला वर १० मिनिटं. समजा वाट ३ किलोमीटर आणि चढ ४०० मीटर. ३६ अधिक ४०, म्हणजे ७६ मिनिटं. हा सराव असलेल्याचा वेळ झाला. सह्याद्रीतली दगडधोंड्यांची वाट, दमट हवा आणि नवखा माणूस धरून त्याची दीडपट करा, म्हणजे जवळजवळ दोन तास. उतरायलाही तितकाच वेळ धरा. ग्रुपच्या जाहिरातीत ‘सोपा, दीड तास’ लिहिलेलं असतं ते आयोजकाच्या पायांचं माप असतं.

माथेरान दोन-तीनदा झालं, की पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य घ्या. किल्ल्यापर्यंतची चढण दाट झाडीतून आहे. वरच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. माशा उठल्याच तर हात झटकायचे नाहीत. डोकं आणि तोंड कपड्याने झाकून आल्या वाटेने भराभर खाली यायचं. भीमाशंकरला खांडसकडून चढायची इच्छा असेल तर पहिल्या वर्षी नको. नंतरही गणेश घाटानेच जा. शिडी घाटातल्या शिड्या आणि निसरडे कातळ पावसाळ्यात नवख्यांचं काम नाही.

चढताना काही होत नाही, उतरताना माझा गुडघा समोरून ठणकतो. सिंहगडावरून खाली येताना बायको अर्धा तास आधी पोचते. पट्टा बांधून उपयोग होईल का? (पुणे)

पट्ट्याने गुडघ्याला आधार वाटतो, पण मूळ कारण तसंच राहतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलतो आणि वाटीवर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो. लांब ढांग टाकून टाच आपटली की तो आणखी वाढतो. तेव्हा पाऊल अर्धं करा, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पायरी उंच असेल तर आडवे होऊन उतरा.

काठी दोन हातांत दोन हवी. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी, आणि उतारावर त्याहून ५ ते १० सेंटिमीटर जास्त. काठी आधी खाली टेकवायची, मग पाऊल. उलट केलंत तर काठी नुसती शोभेची.

घरी एक व्यायाम करा. १५ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला हळूच टेकवायची, तीन अंक मोजत खाली, मग वर. दहाचे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा. सहा आठवड्यांत फरक जाणवायला हवा. गुडघ्याला सूज येत असेल, तो अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञ.

आणि तोवर? आतकरवाडीहून चढून जा, गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, उतरताना डोणज्याकडे येणारी शेअर जीप पकडा. चढण तब्येतीला चांगली, उतरण गुडघ्याला वाईट. मग वाईटच का निवडायचं? रायगडाला रोपवे आहे, सप्तशृंगीला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तिथेही हाच उपाय चालतो.

बायको पुढे गेली तरी चालेल, पण पाणी, बॅटरी आणि औषधांची पिशवी मागच्याकडे असू द्या. अडचण येते ती मागच्यालाच.

पावसाळ्यात आंबोलीला जाणार आहोत. जळवांची भीती वाटते. आणि ओढे ओलांडायचे का नाही? (कोल्हापूर)

जळवांची भीती बाळगू नका, ओढ्यांची बाळगा.

पँट मोज्यात खोचा आणि मोज्यांवरून तंबाखू भिजवलेलं पाणी किंवा मिठाचं दाट पाणी लावा. पावसात ते धुऊन जातं, दर तासाला परत लावावं लागतं. जळू चिकटलीच तर ओढून काढू नका, जाळू नका, तिच्यावर मीठही टाकू नका. तिचं निमुळतं टोक म्हणजे तोंड. तिथे नख आडवं सरकवलं की पकड सुटते, मग दुसरं टोक सोडवून टिचकीने उडवा. रक्त बराच वेळ वाहत राहतं, कारण रक्त गोठू न देणारं द्रव्य ती आत सोडते. साबणाने धुवा, कापूस दाबून पट्टी बांधा.

ओढ्याचं पाणी मात्र गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचंच नाही, मग दोघं हात धरून असा नाहीतर दोर धरून. वाहतं पाणी मांडीला लागलं की पाय उचलताक्षणी तोल जातो, आणि हात धरलेला असेल तर दोघांचाही. वर डोंगरात पाऊस पडत असतो, खाली ऊन असतं, आणि पाणी काही मिनिटांत चढतं. नितळ पाणी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहून येणं, आवाज बदलणं, यांपैकी काहीही दिसलं की काठावर चढायचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, तीही अशीच मधोमध खडकावर अडकली होती. पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर जिल्हाधिकारी बंदी घालतात, निघण्याआधी तेवढं बघून घ्या.

साप चावल्यास चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. चावलेला पाय हलणार नाही असा काठीला बांधा, चालू देऊ नका, १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. रानात रेंज नसते म्हणून गावातून निघतानाच कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा.

दोघंही दर रविवारी सायकल चालवतो. खडकवासल्यापर्यंतच मी दोन किलोमीटर मागे पडते. तो थांबतो, पण त्याचा चेहरा बघवत नाही. मी कमी पडते की सायकल? (पुणे)

तुम्ही लिहिलंय की त्याची सायकल रोड बाइक आहे, टायर ७०० गुणिले २५ चे, म्हणजे जेमतेम २५ मिलिमीटर रुंद, आणि तुमची पुढे सस्पेन्शन असलेली, जाड खाचांच्या टायरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. मग अर्ध्याहून जास्त दोष सायकलीचा. घरोघरी हेच चित्र दिसतं: ‘तिला काय, अधूनमधून चालवायची’ म्हणून जड आणि स्वस्त सायकल बायकोकडे, आणि मग तीच मागे राहते म्हणून कुरकुर. एक रविवार सायकली बदलून बघा. सीटची उंची जुळत नसेल तरी पाच किलोमीटरसाठी चालेल. चेहरा कुणाचा बदलतो ते दिसेलच.

नवी सायकल घ्यायची नसेल तर तीन गोष्टी करा. खाचांचे टायर काढून त्याच रिमवर बसणारे गुळगुळीत टायर घाला, रुंदी १.५ ते १.७५ इंच. डांबरावर सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. पुढच्या फोर्कला सस्पेन्शन बंद करणारं लॉक असेल तर लावून टाका, नाहीतर उभं राहून पेडल मारताना तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. तिसरी गोष्ट हवा. रोड बाइकच्या २५ च्या टायरला ८० ते १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), हायब्रिडच्या ३५ ला ५० ते ६५, एमटीबीच्या जाड टायरला डांबरावर ४० ते ५०. कमाल आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. वजन कमी असलेल्याने खालचा आकडा घ्यावा. अंगठ्याने दाबून ‘आहे हवा’ म्हणू नका, दाब दाखवणारं घड्याळ असलेला फ्लोअर पंप घ्या.

आता सीट. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. बऱ्याच जणी सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती खाली ठेवतात. त्याने ताकद वाया जाते आणि गुडघा समोरून दुखतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, सीटवर बसून नाही.

एवढं करूनही तो पुढे गेलाच तर सामान त्याच्याकडे: दोघांचं पाणी, पंप, ट्यूब, डबा. सपाटीवर वारा समोरून असेल तर त्याने पुढे राहायचं आणि तुम्ही मागच्या चाकाच्या एक-दीड मीटर मागे. पुढचा वारा फोडतो, मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. चाकाला चाक भिडवू नका. त्याने खड्डा दिसला की हात करायचा, अचानक ब्रेक मारायचा नाही. घाटात हा उपाय चालत नाही, तिथे वेग कमी आणि सगळा हिशेब वजनाचा.

खडकवासला-सिंहगड रस्ता तुमच्यासारख्या जोडीला चांगला आहे, कारण तो वाटून घेता येतो. धरणापर्यंत दोघं एकत्र. तिथून तो सिंहगडाच्या घाटात, जो चांगलाच अंगावर येतो. तुम्ही पानशेत रस्त्याने पाण्याच्या कडेने हवं तेवढं जाऊन परत. नाश्त्याची वेळ आणि जागा आधी ठरलेली. दोघांनाही आपापल्या वेगाचं मनसोक्त मिळतं आणि वाट बघत उभं राहणं संपतं.

खाण्याचं विसरू नका. तासाभराच्या वर चालवायचं असेल तर दर तासाला एखादं केळं किंवा चिक्कीची वडी, आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट, २०.५ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं तर मिठाचं प्रमाण दुप्पट होतं आणि मळमळतं. घरी करायचं तर एक लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

गोरेवाड्याकडे जातो. दर दुसऱ्या रविवारी पंक्चर. काढून आणलं की चार दिवसांत पुन्हा तेच. दोघांच्याही सायकलींचं. ट्यूबच खराब येतात का? (नागपूर)

ट्यूबला दोष देण्याआधी भोक कुठे आहे ते बघा, ते सगळं सांगतं. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक, तर काटा. शेजारी शेजारी दोन भोकं, सापाच्या दातांसारखी, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेमटली. आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला भोक, तर रिमटेप, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे आणि स्पोकचं टोक टोचतंय. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल, तर हवा भरताना पंपाला झटके बसतायत.

तुमच्या बाजूला बाभूळ आणि वेडी बाभूळ भरपूर, त्यामुळे पहिलाच प्रकार असणार. आणि चार दिवसांत परत होतं याचं कारणही तेच: ट्यूब दुरुस्त झाली, काटा टायरमध्येच राहिला. बाभळीचा काटा टायरच्या बाहेर मोडतो, आत मिलिमीटरभर टोक उरतं. सपाट पडलेल्या टायरमध्ये ते हाताला लागत नाही. हवा भरली, वजन पडलं, की हळूच ट्यूबला टोचतं.

म्हणून क्रम असा. मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणा, चाक सहज निघतं. हवा पूर्ण सोडा. टायरच्या कडा दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग प्लॅस्टिकचे दोन लिव्हर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने घाला. चमचा, स्क्रूड्रायव्हर वापरू नका, नवीन भोक पाडाल. ट्यूब पूर्ण काढायच्या आधी टायरवर जिथे व्हॉल्व्ह आहे त्याच जागी खडूने खूण करा. ट्यूबवर भोक सापडलं की ती टायरशेजारी धरून काटा नेमका कुठे असेल ते कळतं, अख्खं चाक धुंडाळावं लागत नाही.

भोक शोधायला ट्यूब दुप्पट फुगवा आणि ओठांजवळून फिरवा. ओठांना बारीकशीही हवा लागते. नाहीच सापडलं तर बादलीत बुडवा. बॉलपेनने मोठी फुली करा, भोकाच्या बाहेरपर्यंत रेघा जातील अशी, कारण घासल्यावर मधला भाग पुसला जातो.

मग काटा. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. जिथे धागे अडकतील तिथे टोक आहे. नेलकटरने धरून ओढा, किंवा बाहेरून बारीक खिळ्याने आत ढकला. एक सापडला म्हणून थांबू नका, दोन फेऱ्या मारा.

पॅच बसवताना पॉलिशपेपरने ट्यूबची चमक जाईपर्यंत घासा, पॅचपेक्षा बोटभर जास्त जागा. साच्यामुळे आलेली उभी रेघ असेल तर ती सपाट व्हायलाच हवी, तिच्या कडेने हवा निसटते. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. सगळ्यांची चूक होते ती इथे: ओल्या सोल्युशनवर पॅच चिकटवतात. थर सुकून मंद दिसला, बोटाला ओलं लागेनासं झालं, की पॅच ठेवून मिनिटभर जोरात दाबा. वरचा पातळ कागद तसाच राहू द्या. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आत वाळते, तेव्हा दर पावसाळ्यानंतर नवी घ्या.

परत बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, नुसती आकार धरेल इतकी. टायर व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात, शेवट व्हॉल्व्हपाशी, आणि अंगठ्यांनीच. शेवटचा तुकडा जात नसेल तर बाकीची कड पुन्हा रिमच्या मधोमध ढकला, आपोआप ढील मिळते. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते बघा.

रस्त्यात हे सगळं करत बसू नका. सोबत दोन्ही मापांच्या तयार ट्यूब ठेवा, काटा काढा, ट्यूब बदला, पॅच घरी. आणि हा नियम असू द्या की दोघांनाही हे काम आलं पाहिजे. एकालाच येत असेल तर तो आजारी पडलेल्या रविवारी दुसरा घरीच बसतो.

बाभळीच्या मुलखात ट्यूबमध्ये सीलंट घालणं फायद्याचं. काट्याची बारीक भोकं ते आतून बुजवतं. व्हॉल्व्हचा गाभा आट्यांचा, निघणारा असेल तरच ते भरता येतं, आणि काही महिन्यांनी वाळतं.

सायकलवर तासाभराने बसवत नाही. जेलचं जाड कव्हर घेतलं, आणखीच त्रास. (औरंगाबादहून, आता छत्रपती संभाजीनगर)

कव्हर काढून टाका. मऊ सीटमध्ये बैठकीची हाडं रुतून बसतात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. हाडांच्या रुंदीला जुळणारी कडक सीट बरी. बायकांना साधारणपणे जास्त रुंद लागते. सीट आडवी सपाट ठेवा, नाक वर नको. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका, शिवणी घासतात. दर दहा मिनिटांनी क्षणभर उभं राहून पेडल मारा.

शनिवारी रात्री घरी सिनेमा बघतो. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला, की गाणं सुरू होतं आणि शेजारी दार वाजवतात. टीव्ही ५५ इंची, नवाच आहे. (डोंबिवली)

टीव्ही बिघडलेला नाही. ओटीटीवरचा सिनेमा बहुधा ५.१, म्हणजे सहा वेगवेगळ्या वाटांच्या, आवाजात येतो. त्यात संवाद मधल्या स्वतंत्र स्पीकरसाठी असतात. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर, तेही खाली किंवा मागे तोंड केलेले. सहा वाटा दोघांत कोंबताना संवाद दबतात.

ॲपमध्ये सिनेमा चालू असताना ऑडिओच्या यादीत ‘५.१’ च्या जागी ‘स्टिरिओ’ निवडा. तो पर्याय नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. मग ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावा, मोठा आणि बारीक आवाज जवळ येतात. साउंडबार घ्यायचाच असेल तर मध्ये वेगळा स्पीकर असलेला, म्हणजे ३.१ चा घ्या. २.१ ने फक्त धडधड वाढेल आणि शेजारी दोनदा दार वाजवतील.

चित्राचंही एक बघा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींत चित्रित झालेला असतो. नवा टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घुसवतो, मग दृश्य मालिकेसारखं गुळगुळीत आणि खोटं दिसतं. ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा. ५५ इंचीसाठी बसायचं अंतर साधारण साडेसात फूट. सोफा भिंतीला चिकटवून बारा फुटांवर बसणार असाल, तर मोठ्या टीव्हीचे पैसे वाया गेले.

गच्चीवर प्रोजेक्टर लावायचा विचार आहे. ऑनलाइन दहा हजार लुमेनचा स्वस्तात दिसतोय. (नाशिक)

तो आकडा दिव्याचा असतो, पडद्यावर पडणाऱ्या उजेडाचा नाही. ‘एएनएसआय लुमेन’ किती ते विचारा, आणि सांगत नसतील तर पुढे चला. अंधाऱ्या गच्चीवर ८० इंची चित्राला ४०० ते ५०० एएनएसआय लुमेन पुरतात. रस्त्याचा दिवा पडद्यावर येत असेल तर हजारही कमी.

अंतर असं काढा. ८० इंची, १६:९ चं चित्र १७७ सेंटिमीटर रुंद असतं. प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. तो १.२ असेल तर १७७ गुणिले १.२, म्हणजे पडद्यापासून दोन मीटरच्या थोडं वर. १.५ असेल तर अडीच मीटरच्या थोडं वर. गच्चीवर जागा मोजूनच घ्या. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्याशी सरळ ठेवा. तिरका ठेवून ‘कीस्टोन’ ने चित्र चौकोनी केलं की पिक्सेल कापले जातात आणि अक्षरं धूसर होतात. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आणि आवाज जुळत नसेल तर सरळ वायर लावा.

दोघांपुरतं ठीक. अख्ख्या सोसायटीला बोलावून ओटीटीवरचा सिनेमा दाखवणं मात्र परवान्यात बसत नाही.

मला मारधाड आवडते, हिला संथ सिनेमे. निवडण्यातच पाऊण तास जातो आणि मग झोप येते. (दादर)

निवड शुक्रवारपर्यंत संपवा. एक आठवडा तुम्ही, एक आठवडा त्या. नकार नाही, पण पहिली चाळीस मिनिटं मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि त्यानंतर ज्याला नको त्याला उठून जायची मुभा. यादी कागदावर लिहून फ्रिजवर लावा, प्रत्येकाची पाच नावं आणि पुढे लांबी मिनिटांत. ट्रेकच्या दिवशी रात्री तीन तासांचा सिनेमा लावू नका, पहिल्या तासातच घोरणं सुरू होईल.

संथ सिनेमा घरी झोपवतो, थिएटरात तितका नाही. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून असे सिनेमे दाखवतंय. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. महोत्सवात दिवसाला दोन, फार तर तीन सिनेमे. पाचवा पाहून आलेल्या माणसाला पहिला आठवत नाही. थिएटरात पडद्यापासून दोन तृतीयांश मागे, मधल्या खुर्च्या घ्या. आवाज साधारण तिथल्या कानांसाठी जुळवलेला असतो.

रविवारी भिजलेले बूट पुढच्या शनिवारपर्यंत वाळत नाहीत, वासही येतो. (महाड)

आतला तळवा आणि नाड्या काढा, चिखल साध्या पाण्याने धुवा. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदला, ओला कागद पाणी शोषत नाही, उलट धरून ठेवतो. बूट पंख्याखाली आडवे ठेवा. चुलीजवळ, हीटरसमोर किंवा कडक उन्हात नको, तळ चिकटवलेला डिंक सुटतो आणि पुढच्या उतारावर सोल हातात येतो. तळवे वेगळे, उभे करून वाळवा. वास तिथेच असतो.